गायरान राखा, पण पुरतें राखा

गांवोगांवच्या गायरानांविषयीं एकच तक्रार ऐकूं येते : "पूर्वींचें गवत आतां उगवत नाहीं, जमीनच बिघडली." आमच्या मतें दोष एकट्या जमिनीचा नव्हे. तेथील गवतांची जात पालटली आहे, आणि हा पालट क्रमाक्रमानें होतो, हें आपण ध्यानांत घेतलेलें नाहीं.

दख्खनच्या माळावर राखलेल्या कुरणांत शेडा, मारवेल अशीं बहुवर्षायु सकस गवतें वाढतात. गुरें आधीं तींच खातात. त्यांस बीं धरावयास सवड मिळत नाहीं व मुळें क्षीण होतात. मोकळ्या झालेल्या जागीं कुसळी येते. कुसळें धरल्यावर तिला जनावर सहसा तोंड लावीत नाहीं, म्हणून ती पसरते. चराई तशीच चालू राहिली तर तीही हटते. मग पावसाळी एकवर्षायु गवतें, टाकळा व तरवड, आणि शेवटीं उघडा मुरूम!

वनस्पतिसमूहांच्या अशा क्रमवार पालटावर अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनीं १९१६ सालीं मोठा ग्रंथ लिहिला. परंतु गेलेलें गवत राखणीनें नेहमींच परत येतें असें नाहीं. माती वाहून गेली व जवळपास चांगलें बीं उरलें नाहीं, तर परतीची वाट बंद होते. म्हणून उशीर घातक आहे.

कित्येक गांवें एक पावसाळा गायरान राखतात, कुसळी माजलेली पाहून निराश होतात व गुरें सोडतात. ओसाड माळावर आलेली कुसळी ही अपयशाची खूण नव्हे. ती चढतीची पायरी आहे. ती माती धरून ठेवते. तेथेंच थांबणें म्हणजे केलेली राखण वायां घालविणें होय.

"तोंवर गुरें कोठें न्यावीं?" हा प्रश्न खरा आहे, विशेषतः भूमिहीनांचा. त्यासाठीं गायरानाचे तीन-चार भाग करून एकेक भाग कांहीं वर्षें बंद ठेवावा. बंद भागांतील कुसळी कुसळें धरण्यापूर्वीं कापून न्यावी, शेडा बियाण्यासाठीं उभा ठेवावा, मारवेलाचे ठोंब लावावे, आणि कापणींत पहिला वांटा भूमिहीनांस द्यावा. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें मोकळी चराई बंद करून गवत कापून नेण्याची मुभा ठेविली गेली, हें उदाहरण दूरचें नाहीं.

ग्रामसभेनें हा निर्णय पावसाळ्यापूर्वीं करावा, आणि पहिल्याच वर्षीं मोडूं नये, एवढीच आमची विनंती आहे.