वणवा आणि वनखात्याचा हुकूम

संपादक महाशयांस,


उन्हाळ्यात रानवाटा बंद ठेवण्याचा वनखात्याचा हुकूम म्हणजे भ्रमंतीच्या हौसेवर आणलेली निष्कारण टाच असून सोबत जाणता वाटाड्या असला म्हणजे पुरे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे प्रतिपादन मला सर्वथा अमान्य आहे. तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात, 11 मार्च 2018 रोजी ज्यांना वणव्याने गाठले त्यांच्या समवेतही मार्गदर्शक होते. तरी 23 जीव गेले. वाळलेल्या गवताच्या चढावर ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवीत जात असल्याने वणवा माणसाच्या धावेपेक्षा वेगाने वर चढतो, आणि भयभीत मनुष्य नेमका शिखराकडेच धाव घेतो! त्याने वाऱ्याची दिशा पाहून आगीच्या बगलेने उतरावे, जळून निवालेल्या किंवा उघड्या खडकाळ जमिनीचा आश्रय घ्यावा, आणि अंगावर नायलॉनऐवजी सुती वस्त्र असावे, हे खरे. परंतु धुराने दिशा हरपल्यावर हे ज्ञान कितीसे उपयोगी पडणार? म्हणून वाचकांना कळकळीची विनंती, की निघण्यापूर्वी आपली वाट व परतीची वेळ वनचौकीत नोंदवावी, आणि परवानगी नाकारली गेल्यास हुज्जत न घालता माघारी फिरावे.

आपला नम्र,
एक वाचक