वादळानंतरचा काळोख

३ मे २०१९ रोजी ‘फनी’ चक्रीवादळ ओडिशात पुरीजवळ किनाऱ्यावर धडकले. तत्पूर्वीच सुमारे १२ लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले होते. १९९९ च्या महाचक्रीवादळात याच राज्यात जवळजवळ १० हजार माणसे दगावली होती. या वेळी हा आकडा ६४ वर थांबला. वीस वर्षांच्या परिश्रमांचे हे फळ अभिमानास्पदच होय. मात्र माणसे वाचली, तरी वीज वाचली नाही.

उन्मळलेल्या झाडांनी तारा तोडल्या, सुमारे दीड लाख खांबांची हानी झाली. वैशाखाच्या उकाड्यात भुवनेश्वरच्या काही वस्त्या आठवड्याहून अधिक काळ, तर पुरीचा परिसर कित्येक आठवडे काळोखात राहिला. पुढील वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ वादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगड या भागांनीही हाच अनुभव घेतला.

वीज गेली की पंप थांबतात आणि नळ कोरडे पडतात. मनोऱ्यांच्या बॅटऱ्या उतरल्या की दूरध्वनीही मुके होतात. ही साखळी अखेर बँकेच्या दाराशी येते. पूर्वी शाखेतील खातेवही कंदिलाच्या उजेडातही उघडता येत असे. आता शिल्लक दूरच्या संगणकात असते. जोडणी तुटली की एटीएम निकामी होते आणि समोर उभ्या असलेल्या परिचित खातेदाराला त्याचेच पैसे देणे कर्मचाऱ्यासही अवघड होते. फनीनंतर ओडिशा शासनाने पुरी जिल्ह्यातील अन्नसुरक्षा योजनेतील कुटुंबांना ५० किलो तांदळासोबत २००० रुपये रोख दिले. अशा दिवसांत हातातील नोटेचे मोल वेगळेच असते.

म्हणूनच पडलेला खांब त्याच जागी पुन्हा उभा करणे पुरेसे नाही. २०१४ च्या ‘हुदहुद’नंतर विशाखापट्टणमने भूमिगत वाहिन्यांचा मार्ग धरला. त्याचा खर्च कैक पटींनी अधिक असतो आणि तो प्रत्येक खेड्याला परवडणारा नाही, हे खरे. परंतु रुग्णालय, पाणीपुरवठा केंद्र, दूरसंचार मनोरा आणि बँक यांच्यापर्यंतच्या वाहिन्या तरी जमिनीखालून न्यावयास हव्यात. दर वादळात मोडणारे खांब पुन्हा पुन्हा उभारणे ही काटकसर नव्हे.

बँकांनाही आपला वाटा उचलावा लागेल. किनारपट्टीच्या शाखांत सौरऊर्जा, जनित्रासाठी पुरेसे इंधन आणि उपग्रहाद्वारे पर्यायी जोडणी असावी. फिरते एटीएम वादळाआधीच जवळच्या सुरक्षित गावी उभे असावे. खातेदारांनीही इशारा मिळताच आठवडाभराच्या खर्चापुरती रक्कम लहान नोटांत काढावी आणि पासबुकासह कोरड्या पिशवीत ठेवावी.

वादळाची वर्दी आता काही दिवस आधी मिळते. त्यामागून येणारा काळोखही ठाऊक असतो. मग त्याची तयारी तो दाटल्यावर का सुरू व्हावी?