जुना कॉम्प्युटर काढावा का?

रावेरच्या एका भगिनींनी विचारलं आहे: केळीच्या व्यापाराचा सारा हिशेब घरच्या जुन्या, मोठ्या कॉम्प्युटरवर आहे. तो फार रेंगाळतो. त्याऐवजी जेवणाच्या डब्याएवढा छोटा घ्यावा का?

घाई नको, ताई. सुस्ती बहुधा जुन्या हार्ड डिस्कची असते. तिच्या जागी एसएसडी बसवली की तोच कॉम्प्युटर झपाझप चालू लागतो. आतली धूळही काढून घ्या. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात ती फार नडते.

पण विंडोज १० च्या नियमित दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. तुमच्या यंत्रावर विंडोज ११ चालत नसेल आणि बँकेचे व्यवहारही त्यावरच होत असतील, तर मात्र छोटा घ्याच. १०० वॅटऐवजी २० वॅट लागले, तर रोज ८ तासांच्या वापरात महिन्याला सुमारे १९ युनिट वाचतात. शिवाय वीज गेल्यावर इन्व्हर्टर जास्त वेळ पुरतो, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको!

पावत्यांचा जुना प्रिंटर जाड केबलचा असेल, तर तिची जागा छोट्या कॉम्प्युटरला बहुतेक नसतेच. दुकानात जोडून पाहा, मगच पैसे मोजा. आणि काहीही ठरवा, हिशेबाची नक्कल दोन ठिकाणी काढून ठेवल्याशिवाय जुन्या यंत्राला कुणाला हात लावू देऊ नका.