गल्ला, कात्री आणि दोन घटका



व्यापारी घरातल्या बाईला दोन वाक्यं आयुष्यभर ऐकायला मिळतात. पहिलं, ‘जरा दुकानात बस गं, मी आलोच.’ दुसरं, तिच्या हातची एखादी सुंदर वस्तू बघून, ‘एवढं छान करतेस, तर विकायला का नाही ठेवत?’ पहिलं हक्काचं, दुसरं कौतुकाचं. पण दोन्ही वाक्यं मागतात एकच गोष्ट, ती म्हणजे तिचा वेळ. पहिल्या वाक्यात तो न मोजता घेतला जातो आणि दुसऱ्यात लगेच त्याचा भाव ठरवला जातो.

मी किराणा दुकानात बसते आणि कागदकामही करते. क्विलिंग, घडीकाम, आकाशकंदील, पाठशाळेच्या मुलांसाठी चित्रं, जे जमेल ते. त्यामुळे या विषयावर माझं एक ठाम मत झालं आहे. आपल्या आवडीच्या कामाला उरलेला वेळ देऊ नका, नेमलेला वेळ द्या. आणि तो वेळ गल्ल्याला जोडू नका.

आधी दुकानाचं बोलू. बाईचं दुकानातलं काम म्हणजे ‘मदत’, असं आपण स्वतःच म्हणतो. काय असतं त्या मदतीत? आलेला माल मोजून घ्यायचा, उधारीची वही सांभाळायची, सुट्टे पैसे जमवून ठेवायचे, मोबाईलवर पैसे आल्याचा आवाज ऐकून रक्कम जुळवायची. रवा-डाळीत जीव पडू नयेत म्हणून वेळच्या वेळी चाळायचं आणि तारीख संपत आलेला माल पुढे काढायचा. दुकानात येणाऱ्या पाहुण्यांचा चहा खर्चाच्या रकान्यात लिहिला जातो, पण बाईचे तास कुठल्याच रकान्यात येत नाहीत. फॉर्मवर ‘व्यवसाय’ विचारला की आपण ‘गृहिणी’ लिहून मोकळ्या होतो.

रोज पाच तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर १३० तास होतात. वहीच्या शेवटच्या पानावर फक्त एक महिना हे तास लिहून बघा. त्याचा पगार मागायचा की नाही, हे प्रत्येक घराचं वेगळं असेल. पण आकडा डोळ्यासमोर असला की ‘हिला काय, रिकामीच असते’ हे वाक्य घरात आपोआप कमी होतं. आपण हिशोबाची माणसं आहोत. जे लिहिलेलं नाही ते आपल्या घरात मोजलं जात नाही.

आता कागदाचं. खरं तर किराणा दुकान आणि कागदकाम ही काही परकी नाहीत. प्लास्टिक येण्याआधी रद्दीचा कागद शंकूसारखा वळवून पुडी बांधायची आणि वर टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून ती पक्की करायची, हे प्रत्येक दुकानात चालायचं. धणे सांडू नयेत आणि हळद गळू नये अशी पुडी बांधणं ही कलाच होती. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा ज्यांना कागदाची पिशवी घडी घालून चिकटवता येत होती त्यांचं अडलं नाही.

आपल्या शास्त्रातही ही दोन कामं शेजारी-शेजारी बसलेली आहेत. आदिपुराणात आचार्य जिनसेनांनी सांगितलं आहे की भगवान ऋषभदेवांनी प्रजेला सहा कर्मं शिकवली. असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. वाणिज्य म्हणजे आपलं दुकान, शिल्प म्हणजे हातानं काही घडवणं. भगवंतांनी लिपी शिकवली ती ब्राह्मीला आणि अंक शिकवले ते सुंदरीला, दोघीही त्यांच्या मुली. तेव्हा एका हातात हिशोबाची वही आणि दुसऱ्या हातात कात्री असलेली बाई ही काही आजकालची फॅशन नाही.

तरीही एक प्रश्न बस्तीत स्वाध्यायाला बसणाऱ्या काकू नेहमी विचारतात, आणि तो रास्त आहे. ‘हे सगळं राग वाढवणारं नाही का? अनर्थदंडात नाही का जात?’ कारणाशिवाय पाणी सांडणं, पानं तोडणं, इकडेतिकडे उगाच वेळ घालवणं याला प्रमादचर्या म्हटलं आहे. मग कागद कापत बसणं त्यात येत नाही का?

माझं उत्तर असं. मोजमाप नसेल तर येतं. रात्री बारापर्यंत जागून कागदाची फुलं केली आणि सकाळी दर्शनाला जायचा कंटाळा केला, तर तो प्रमादच. पण मोजमाप असेल तर तेच काम मनाला एका जागी बसवतं. तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी सुईभोवती गुंडाळताना डोक्यात दुसऱ्याची निंदा शिरत नाही. गल्ल्यावर बसून मोबाईलवर बोट फिरवत राहण्याला कोणी अनर्थदंड म्हणत नाही, कारण ते सगळेच करतात. आणि कागदासारखा अनित्य भावनेचा पाठ दुसरा नाही. चार तास खपून केलेला कंदील पंधरा दिवसांच्या उन्हात फिका पडतो. कोणी लहान मूल येऊन आपलं फूल चुरगाळतं, तेव्हा मन किती हलतं ते बघावं. तेवढाच आपला राग, हे कळतं.

म्हणून मी नियमाच्या बाजूची आहे. नियम आपल्याला नवा नाही. चातुर्मासात आपण कशाकशाचा त्याग करतो, किती पदार्थ खायचे ते ठरवतो, किती लांब जायचं ते ठरवतो. तसंच या कामालाही वेळ, सामान आणि पैसा यांची मर्यादा घालावी.

वेळेची मर्यादा मी सामायिकावरून घेतली. सामायिक दोन घटकांचं, म्हणजे ४८ मिनिटांचं. सामायिकाची आणि कात्रीची बरोबरी मी करत नाही, मोजमाप तेवढं उसनं घेते. सामायिक आधी, मग त्या दिवशी कागदाला दोन घटका. आठवड्यातून पाच दिवस केलं तर चार तास होतात, वर्षाचे दोनशेच्या वर. ‘वेळच मिळत नाही’ म्हणणाऱ्या बाईला दोनशे तास म्हणजे केवढी श्रीमंती!

ह्या दोन घटका काढायच्या कुठून? इथे आपला धर्मच मदतीला येतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दुकानातली गर्दीही नेमकी तेव्हाच सुरू होते. म्हणून आपण साडेचारला स्वयंपाकाला लागतो, घरातली माणसं पाळीपाळीनं जेवून जातात आणि आपण पुन्हा दुकानात. ही धावपळ मोठी आहे, पण तिचं फळही आहे. दुकान बंद करून साडेआठला घरी यावं, तर शेजारच्या घरांत कुकरच्या शिट्ट्या चालू असतात आणि आपला ओटा केव्हाच पुसून झालेला असतो. रात्रिभोजनाच्या त्यागानं आपल्याला रोजची एक मोकळी रात्र दिली आहे. ती मालिकांना द्यायची की आपल्या हातांना, हे आपण ठरवायचं. दुसरी जागा दुपारची. लहान गावांत अजूनही एक ते चार दुकान बंद असतं.

दोन्ही वेळांची कामं मात्र वेगळी ठेवावी. पावसाळ्यात रात्री दिव्याखाली ओला गोंद उघडा ठेवला की दिव्यावर येणारे किडे त्यात चिकटतात. म्हणून रात्री फक्त मापं घेणं, कापणं, घड्या घालणं. चिकटवायचं ते दुपारी, उजेडात. खळ लागली तर तीही दुपारीच शिजवावी आणि त्या दिवसापुरतीच. उरलेली खळ दुसऱ्या दिवशी आंबते. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत, ते विषच आहे, आपल्याला चालणार नाही. आणि ‘सरस’ नावानं मिळतो तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला असतो, त्याला हातच लावू नये. फेविकॉलसारखा पांढरा गोंद कृत्रिम असतो, त्यात ती अडचण नाही.

वर्षाचंही असंच गणित मांडावं. दुकानाची दिवाळी आणि कंदिलाची दिवाळी एकाच आठवड्यात येते. त्या आठवड्यात दोन्ही करायला गेलं की घरात भांडण ठरलेलं. त्यापेक्षा वैशाख-ज्येष्ठात गिऱ्हाईक थोडं कमी असतं, तेव्हा सांगाडे आणि पट्ट्या कापून ठेवाव्यात. पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी पितो, कडा वाकड्या होतात, गोंद वाळत नाही, तेव्हा मोठं काम काढू नये. दशलक्षणाच्या दहा दिवसांत कात्री बंद. पाऊस ओसरल्यावर आश्विनात चिकटवायचं आणि दसऱ्याला काम संपवायचं. दसरा ते दिवाळी फक्त दुकान. श्रुतपंचमीला आपण ग्रंथ बाहेर काढून पुसतो, नवी वेष्टनं घालतो. ती पंचमी पावसाच्या तोंडावर येते यात मोठं शहाणपण आहे. त्याच सुमारास आपले कागदही उन्हात दाखवून कडुनिंबाच्या सुक्या पाल्यात ठेवले, तर कसर लागत नाही आणि फवारा मारायची वेळ येत नाही.

सामानाची मर्यादा म्हणजे एक पेटी. ती रिकामी झाल्याशिवाय नवा कागद आणायचा नाही. पंच, कटर, चकचकीत कागद यांचा मोह साड्यांइतकाच वाईट. शिवाय फुकटचा उत्तम कागद घरात येतोच, लग्नपत्रिकांचा. पण पत्रिकेवर णमोकार मंत्र आणि तीर्थंकरांचं चित्र छापलेलं असतं, ते कापायला हात धजत नाही आणि रद्दीत टाकलं तर अविनय होतो. तो भाग मी काढून वेगळ्या पेटीत ठेवते. खरं तर छापणाऱ्यांनीच विचार करायला हवा. दोन महिन्यांत जी वस्तू रद्दीत जाणार, तिच्यावर भगवंतांचं चित्र कशाला?

आता विकण्याचं. जिला पैशांची गरज आहे, तिनं जरूर विकावं आणि ताठ मानेनं विकावं. पण हिशोब पक्का करावा. समजा कंदिलाला ६० रुपयांचं सामान लागलं, चार तास गेले आणि तो १५० रुपयांना विकला. हातात राहिले ९०, म्हणजे तासाला साडेबावीस रुपये. आपल्याच दुकानात पोरगा ठेवला तर तो एवढ्यात येईल का? स्वतःच्या तासाला किंमत न लावता विकणं म्हणजे दुसऱ्यांदा फुकट राबणं.

आणि जिला गरज नाही, तिच्यावर ‘विक’ म्हणून दबाव आणू नये. आपल्या समाजात प्रत्येक गोष्टीला ‘किती सुटतील?’ हा प्रश्न लागतो. त्या प्रश्नानं दुकानं उभी राहिली, मान्य. पण दिवसभर गल्ल्यावर बसलेल्या बाईला दिवसातला एक तुकडा असा हवा, ज्यात ‘किती सुटतील’ विचारलं जात नाही. ऑर्डर आली की मुदत येते, मुदत आली की घाई, आणि ज्या कामानं मन शांत होत होतं तेच दुसरं दुकान होऊन बसतं.

न विकता त्याचं काय करायचं? द्यायचं. पाठशाळेत चोवीस तीर्थंकरांची चिन्हं पाठ करून घेतात आणि मुलं विसरतात. तीच चिन्हं कागदाची करून दिली, आदिनाथांचा बैल, अजितनाथांचा हत्ती, पार्श्वनाथांचा सर्प, महावीरांचा सिंह, की मुलं खेळता खेळता लावतात. समवसरणाच्या बारा सभा गोल कागदावर स्वतः घडी घालून केल्या तर त्या पुस्तकापेक्षा जास्त लक्षात राहतात. हे दानच आहे, ज्ञानाच्या बाजूचं.

शेवटी घरातल्या मोठ्यांशी थोडं. सासूबाईंनो, जावांनो, नणंदांनो, सुनेच्या दोन घटका तुमच्या हातात आहेत. त्या वेळात तिला हाक न मारणं एवढंच करायचं आहे. आणि घरातल्या पुरुषांना एवढंच सांगायचं की तुम्ही स्वतः गल्ल्यावर बसून तिला आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी दिली, तर दुकान बुडत नाही.

येत्या आषाढात चातुर्मासाचे नियम घेताना त्यागाच्या यादीखाली एक ओळ वाढवा, रोज दोन घटका हातांच्या कामासाठी. कागद असो, भरतकाम असो, रांगोळी असो. नियम घेतला की आपण तो मोडत नाही, आणि आपण मोडला नाही तर घरही हळूहळू तो पाळायला लागतं.

जय जिनेंद्र.