वाहनधारकांसाठी : हीटरच्या दोन दुर्लक्षित नळ्या



गेल्या जुलै महिन्यात आम्ही मृत समुद्राहून अरादकडे येत होतो. समुद्रसपाटीच्या बऱ्याच खालून निघालेला हा रस्ता अरादला पोहोचेपर्यंत जवळजवळ एक हजार मीटर चढतो. गाडी वीस वर्षांची आणि सोबत वृद्ध मातोश्री. अर्ध्या चढावर मोटारीत गोडसर वास येऊ लागला. उष्णतामापकाचा काटा आधी वर चढला आणि मग एकाएकी खाली आला. इंजिन निवले असे समजून मी गाडी तशीच पुढे दामटली, आणि तेथेच घात झाला. पाणी संपल्यामुळे मापकाचे टोक कोरडे पडले होते. काटा त्यामुळे उतरला होता. परिणामी सिलिंडर हेड वाकले, गॅस्केट जळाले आणि मातोश्रींना रणरणत्या उन्हात दोन तास रस्त्याच्या कडेला बसावे लागले.

या साऱ्या अनर्थाचे मूळ हाताच्या अंगठ्याएवढ्या जाडीची एक रबरी नळी होती. रेडिएटरचे मोठे होज पाईप मी पूर्वीच बदलून घेतले होते. हीटरच्या नळ्यांकडे मात्र पाहिलेही नव्हते. आपल्याकडे हीटर लागतो तो वर्षातून जेमतेम तीन महिने. मग उन्हाळ्यात त्या नळ्यांचे काय काम, अशी माझी समजूत होती.

ही समजूत चुकीची आहे. अनेक मोटारींत हीटर बंद केला तरी इंजिनाचे उकळते पाणी या नळ्यांतून फिरतच राहते. बंद होतो तो केवळ हवेचा मार्ग. काही मोटारींत तोटी पाणी अडविते. परंतु तेव्हाही नळीवर दाब असतोच. थोडक्यात, हीटरची नळी बारा महिने राबत असते. ती फुटली, तर त्या एका छिद्रातून सारे पाणी वाहून जाते.

तपासणी सोपी आहे. मात्र ती इंजिन पूर्णपणे थंड असतानाच करावी. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. इंजिनाकडून निघून बैठकीपुढील पत्र्याच्या भिंतीत शिरणाऱ्या दोन बारीक नळ्या शोधाव्यात व त्यांची संपूर्ण लांबी बोटांनी दाबून पाहावी. चांगली नळी लवचिक, पण घट्ट लागते. ती लाकडासारखी कडक झाली असेल, वाकविताच भेगा दिसत असतील, किंवा तेल लागून फुगली व मऊ पडली असेल, तर ती बदलावी. क्लिपजवळची टोके विशेष काळजीने दाबावीत. कारण रबर पुष्कळदा आतून कुजते व बाहेरून निर्दोष दिसते. क्लिपभोवती पांढरट किंवा हिरवट डाग असल्यास पाणी झिरपत आहे असे समजावे. पुढच्या प्रवाशाच्या पायाखालील सतरंजी ओली लागली, तर दोष आतील हीटरमध्ये असू शकतो.

नळी बदलताना आधी खाली भांडे ठेवून पाणी काढून घ्यावे. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. ते मुले व जनावरे यांपासून दूर ठेवावे. जुनी नळी हिसडा देऊन ओढू नये. हीटरची धातूची नळी पातळ असते; ती वाकल्यास शेकड्यांचे काम हजारांवर जाते. रबर चाकूने लांबीच्या दिशेने चिरून सालीप्रमाणे सोलून काढावे. नवी नळी हीटरसाठीच बनविलेली, त्याच आतील व्यासाची व तेवढ्याच लांबीची असावी. हा व्यास बहुधा १६ किंवा १९ मिलिमीटर असतो. ती बसविताना टोकास केवळ पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस लावू नये. क्लिप धातूच्या उंचवट्याच्या मागे बसवावी, पण रबर कापले जाईल इतकी आवळू नये. नळी कोठे मुडपणार नाही व धुराच्या गरम नळकांड्यास टेकणार नाही, हे पाहावे. दोन्ही नळ्या एकदमच बदलाव्यात. कारण त्यांचे वय एकच असते.

शेवटी मोटारीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट भरावे. ते पातळ करून वापरावयाचे असल्यास सामान्यतः निम्मे कूलंट व निम्मे डिस्टिल्ड पाणी घेतात. भरताना हीटर पूर्ण 'गरम'वर ठेवावा, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते. इंजिन एकदा तापून निवल्यावर पातळी व क्लिपा पुन्हा पाहाव्यात.

आणि वाटेत कधी काटा चढून अकस्मात खाली आला, तर आनंद न मानता तत्काळ गाडी थांबवून इंजिन बंद करावे. आमच्या मातोश्रींचे ते दोन तास आपल्या घरच्या कोणाच्याही वाट्यास न येवोत, एवढीच इच्छा.