चिलीम आणि बावडा

'दम मारो दम' हे गाणं मला आवडत नाही. आधीच सांगून टाकतो, नाहीतर आपलेच दोस्त म्हणतील, हा हिप्पी झाला. भरल्या पोटाची गोरी पोरं घरदार सोडून काठमांडूत चिलीम ओढत बसली, त्यांचं दुःख त्यांच्यापाशी. आमच्या बापजाद्यांना सोडायला घरदारच नव्हतं.

पण म्हणून त्या गाण्यावरची बंदी मला गोड लागत नाही.

1971 चा 'हरे रामा हरे कृष्णा'. देव आनंदचा पिक्चर, पंचमचं म्युझिक, आवाज आशा भोसल्यांचा. आकाशवाणीनं गाणं बंद केलं. कारणं नेहमीचीच: धर्म, संस्कृती, तरुण पिढी. वा रे वा! कुंभमेळ्यात साधूनं चिलीम ओढली की ती साधना, झीनत अमाननं ओढली की संस्कृती बुडाली. आणि गांजा काय त्या वेळी चोरूनच मिळत होता? अमली पदार्थांचा देशभराचा कायदा आला 1985 साली. तोवर कित्येक राज्यांत सरकारी परवान्याच्या दुकानात तो राजरोस विकत मिळे. माल चालतो, गाणं चालत नाही!

देशात दुसरा रेडिओ नव्हता. पण समुद्रापलीकडं सिलोन होतं. 1952 साली केसकर मंत्री झाले, त्यांनी आकाशवाणीवरचं सिनेसंगीत आटवलं, तेव्हाही लोक सिलोनकडंच पळाले होते. वीस वर्षांनी तेच झालं. 1972 च्या बिनाका गीतमालेत वर्षाचं एक नंबरचं गाणं कोणतं? 'दम मारो दम'.

माझा आजा त्या साली लोणी भापकरला दुष्काळी कामावर खडी फोडत होता. सुकडी खायची, मिलोची भाकरी मोडायची. मुकादमाकडं ट्रान्झिस्टर होता. बुधवारी रात्री सिलोन लागलं की आजा पाराच्या खाली अंधारात उभा राहायचा. पारावर बसायची सोय नव्हती, कान लावायला मनाई नव्हती. "गानं कळत न्हवतं रं," सांगायचा, "पर ठेका आंगात भिनायचा." हे ऐकून आपण बिघडणार आहोत, असं त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

आणि त्याच साली, आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या दलितांवर गावानं बहिष्कार टाकला. बहिष्कार म्हणजे रानात काम नाही, दुकानात मीठ नाही, आणि तेही दुष्काळात. त्याच मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यावरून दोन दलित बायांना नागवं केलं. संस्कृती बुडाली म्हणून ठेकेदारांची झोप तेव्हा उडाली काय? 15 ऑगस्टला 'साधना'त राजा ढालेंनी 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला, तेव्हा उडाली. बोंब झाली ती ढालेंच्या भाषेवर.

आता मोबाईल आहे, रेडिओला कोण विचारतो, असं म्हणणारे दोस्त भेटतात. एप्रिल 2023 मध्ये याच महाराष्ट्रात पुढाऱ्यांवर रॅप केला म्हणून पोरांवर गुन्हे नोंदवले. दाबायचं बटण तेवढं बदललं.

उद्या जयंतीच्या मिरवणुकीत आपल्या पोरांनी डीजेवर 'दम मारो दम' लावलं, तर मी त्यांच्याशी भांडेन. चांगला दोन तास भांडेन. डीजेची वायर मात्र काढणार नाही.