वीट-वाळू-सिमेंट : काकांचा झोपाळा



गणपतीच्या मीटिंगनंतर मंडळातल्या एका काकांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या लॉस एंजेलिसच्या काँडोत सागवानी झोपाळा आलाय, थेट सांगलीहून. "तू इंजिनिअर ना? छताला चार हुक ठोकायचेत, ड्रिल घेऊन ये." मी विचारलं, "काका, पार्किंगमध्ये शिरताना काही पाटी आहे?" होती. 'पोस्ट-टेन्शन्ड स्लॅब, भोक पाडू नये.' काकांना वाटलं, ते गाड्यांसाठी असेल!

बैलगाडीच्या चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढवतात, ती गार होताना आवळते आणि लाकडं घट्ट धरते. इथेही तेच. काँक्रीट घट्ट झाल्यावर आतल्या पोलादी केबल जॅकने ताणून टोकांना अडकवतात. केबल अर्धा इंच जाडीची, सात तारांच्या पिळाची, ग्रीस लावून प्लॅस्टिकच्या नळीत घातलेली. पण एकेकीत ओढ 12-13 टनांची. म्हणून तर 8 इंची स्लॅब मध्ये तुळई नसताना 30 फूट जाते. ही केबल खांबावर वर चढते आणि खोलीच्या मध्यावर खाली उतरते, म्हणजे छताच्या पृष्ठभागापासून जेमतेम इंचभर आत. नेमकं काका हुक ठोकणार तिथे! ती तुटली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची ओढ गेली, शेजाऱ्यांच्या घरातलीसुद्धा.

आता भूकंपाचं. अशा बिल्डिंगमध्ये भूकंपाचा जोर मुख्यतः काँक्रीटच्या भिंती घेतात. खांब आणि स्लॅबनी फक्त बरोबर डोलायचं असतं, पण डोलताना वजन सोडायचं नसतं. बिल्डिंग कलली की खांबाभोवतीच्या स्लॅबला एका बाजूने जास्त ताण बसतो, आणि तो सोसवला नाही तर छत्रीच्या कापडातून काडी बाहेर यावी तसा खांब स्लॅब फोडून वर येतो. मग वरचा मजला खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर.

17 जानेवारी 1994 ला पहाटे 4:31 ला नॉर्थरिज हादरलं, तेव्हा तिथल्या मॉलमधल्या बुलॉक्स स्टोअरचे मजले असेच बसले. खांब मात्र उभेच! (तो स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड नव्हता, जाळीदार वॉफल होता, पण दुखणं तेच.) दुकान बंद होतं म्हणून निभावलं. मी तेव्हा पुण्यात शाळेत होतो, किल्लारीला चार महिनेही झाले नव्हते.

स्लॅबवर मुळातच जितकं वजन जास्त, तितकं त्याला कमी डोलता येतं. खांबाजवळची निम्मीअधिक ताकद रोजच्या वजनातच खर्च होत असेल तर 10 फुटी मजल्यात एक-दीड इंचाचं कलणंही धोक्याचं. हा हिशोब अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या कोडमध्ये 2005 मध्ये आला. हिशोब बसत नसेल तर खांबाभोवती उभे स्टड घालतात. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट: दोन्ही दिशांना निदान दोन-दोन केबल थेट खांबाच्या आतून न्यायच्या. स्लॅब फुटलाच तरी त्या केबल त्याला झोळीसारखा तोलून धरतात, माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो.

काकांची बिल्डिंग 1986 ची. केबल खांबातून गेल्यात की शेजारून, हे ड्रॉइंग बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. सोसायटीच्या ऑफिसला पत्र गेलंय, सही काकांची, मजकूर माझा. झोपाळा सध्या हॉलमध्ये लाकडी स्टँडवर आहे. काकू म्हणतात, स्टँडपायी सोफा गेला, पण कुरकुरतो अगदी घरच्यासारखा.